चार लाख चव्वेचाळीस हजार एकशे आठ

मिक्सरच्या भांड्याखाली एक रबरी दातेरी चकती असते. ती झिजली की खाली मोटार बोंबलत राहते आणि वरचं पातं जागचं हलत नाही. आमच्या घरची चकती झिजली. तेल्हाऱ्यात मिळाली नाही, अकोटात मिळाली ती बसली नाही. शेवटी बायकोनं पुण्याला भावाला फोन लावला. साळ्यानं तिथल्या कुठल्याशा बोळातून ती पैदा केली आणि मला निरोप धाडला : "भाऊजी, पत्ता नीट पाठवा. पिनकोडासकट."

आता पिनकोडासकट म्हणजे काय, हे तेल्हाऱ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमचं गाव अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण आहे, पण नुसत्या नावावर ते सापडेलच असं नाही. नेटवर इंग्रजीत तेल्हारा लिहिलं तर बिहारात नालंद्याजवळचं त्याच स्पेलिंगचं गाव आधी वर येतं. तिथं उकरलं तेव्हा प्राचीन महाविहाराचे अवशेष निघाले. आमच्या तालुक्याच्या खारपाणपट्ट्यात उकरलं तर खारं पाणी निघतं. त्यामुळे जगात आमची खरी ओळख म्हणजे ते सहा अंक : ४४४१०८.

ओट्यावर बसून मी पत्ता टाइप करत होतो. मी ३० वर्षं जिनिंगच्या वजनकाट्यावर चिठ्ठ्या फाडल्या. कापसाची गाडी भरलेली तोलायची, रिकामी तोलायची, मधली वजाबाकी शेतकऱ्याला पटवून द्यायची. ती पटायची नाहीच, पण त्या नादात आकडा दिसला की त्याच्या अंकांची बेरीज करून ठेवायची खोड मला लागली. चार नि चार आठ, नि चार बारा, नि एक तेरा, शून्य, नि आठ एकवीस. एकवीस! मग सहज म्हणून त्याच आकड्याला एकवीसनं भागून पाहिलं.

भाग गेला. पूर्ण. बाकी शून्य. २१ गुणिले २१,१४८.

माझ्या अंगावर काटा आला. वजनकाट्यावरच्या माणसाच्या अंगावर काटा सहसा येत नाही, तो समोर असतो.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो तिला हर्षद संख्या म्हणतात. हर्ष देणारी ती हर्षद. नाव कापरेकर मास्तरांनी ठेवलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ सालचा, आणि सारी हयात नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी. पुढं १९७७ साली आयव्हन निवेन नावाच्या गणितज्ञानं एका परिषदेत या संख्यांवर भाषण केलं आणि निम्मं जग त्यांना निवेन संख्या म्हणू लागलं. भाषण करणाऱ्याचं नाव लागणं ही रीत आम्हाला ग्रामपंचायतीपासून ठाऊक आहे. शिवाय १९९२ साली शेअर बाजारात जे झालं, त्यानंतर आपल्याकडे हर्षद म्हटलं की लोकांना हर्षाऐवजी घोटाळा आठवतो. मास्तरांनी १९५५ साली छापलेल्या नावावर असं पाणी पडेल हे त्यांना कुठल्या बेरजेतून कळणार होतं?

तर आमचं गाव हर्षद. आता माणसाचा स्वभाव असा की आपल्याला मिळालं एवढ्यानं त्याचं भागत नाही, शेजाऱ्याला मिळालं नाही ना हे पाहावं लागतं. मी चिठ्ठ्यांच्या जुन्या बुकाची पाठकोरी बाजू काढली.

अकोट : ४४४१०१, अंकांची बेरीज १४. एकावर संपणाऱ्या आकड्याला चौदानं भाग जातोय कशाला! बाद. हिवरखेड ४४४१०३, बेरीज १६, तेही विषम, तेही बाद. जिल्ह्याचं ठिकाण अकोला, ४४४००१, बेरीज १३. भागलं तर बाकी १२ उरते. शेगाव, जिथं अख्खा वऱ्हाड माथा टेकतो, ४४४२०३ : बाकी १०. महाराजांची क्षमा मागून तेही बाद केलं. आणि अमरावती! विभागाचं ठिकाण, आयुक्त तिथं, विद्यापीठ तिथं. ४४४६०१, बेरीज १९. भाग लावला, तर बाकी उरली फक्त १. एकानं हुकली हो अमरावती. पोट्ट्यानं एका मार्कानं नापास व्हावं तशी. पोस्टानं तिला एक आकडा अलीकडे ढकललं असतं तर तिची बेरीज १८ झाली असती आणि ४४४६०० ला अठरानं पूर्ण भाग जातो. पण पोस्टानं ढकललं नाही. म्हणजे अमरावतीच्या नशिबातच नव्हतं. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो शुद्ध गणिताचा होता असं मी म्हणणार नाही.

नागपूर मात्र पास निघालं, ४४०००१, बेरीज ९, नवानं भाग जातो. नागपूर सगळीकडे कसं काय पास होतं हा प्रश्न विदर्भाबाहेर विचारला जातो, आम्ही वऱ्हाडात बसून विचारतो. नाशिक ४२२००१, तेही पास. आणि ज्या देवळालीत बसून कापरेकरांनी हर्षद शोधली, त्या देवळालीचा ४२२४०१? बेरीज १३, बाकी ५. नापास! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

या आनंदात वाटेकरी हवा म्हणून मी पाठकोरा कागद घेऊन बसस्टँडकडे निघालो.

पानटपरीवर नेहमीचे चौघं होते. मी कागद दाखवला. टपरीवाल्यानं सुपारी कातरता कातरता आकड्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "काका, दुर्री-नव्वा."

"म्हन्जे?"

"चार-चार-चारची झाली बारा, बाराचा दुर्री. एक-आठ-मिंडीचा नव्वा. जोडी बसली एकोणतीस. ओपन-क्लोज दोनी भेटले! ह्या आकड्यावर कोनी कधी लावलंच नाई बा."

मी थक्क झालो. गणितातलं जे सूत्र मला तीस वर्षांच्या बेरजांतून सुचलं, ते याला दहावी न होता पाठ. तीन पत्त्यांची बेरीज करायची आणि शेवटचा अंक उचलायचा, हा सारा मटक्याचा पाया. आणि मटका तरी काय परका आहे? मुंबईत तो सुरू झाला तेव्हा पैज लागायची ती न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडता-मिटता काय भाव फुटला यावर. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. म्हणजे कापूस पिकवायचा आम्ही, भाव काढायचा न्यूयॉर्कनं, आणि त्या भावावर बरबाद व्हायचं परळच्या गिरणी कामगारानं. पुढं भाव येणं थांबलं तेव्हा कागदाच्या चिठ्ठ्या मटक्यात, म्हणजे मडक्यात, घालून आकडे काढू लागले. कापूस गेला, मडकं राहिलं. आमच्याकडेही तेच झालं म्हणा.

मी त्याला समजावलं की २९ ला ११ नं भाग जात नाही, ती हर्षद नाही, तेव्हा तिच्यापासून हर्ष व्हायचा नाही. तो ऐकतो कशाला? दुसऱ्या दिवशी तोंड पाडून म्हणाला, "तुमचा आकडा फेल गेला, काका." माझा आकडा! गावाचा आकडा दोन दिवसांत माझ्या नावावर चढला होता. सातबाऱ्यावर एवढ्या लवकर नोंद होत नाही.

सातबाऱ्यावरून आठवलं. टपरीवरच्या चौघांत एक भाऊसाहेब होते, तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "याचे हिस्से किती पडतात?" पेशाप्रमाणे प्रश्न. मी रात्री बसून काढले. ४४४१०८ म्हणजे २ गुणिले २, गुणिले ३, गुणिले ७, गुणिले १७, गुणिले ३११. एकूण ४८ संख्यांनी तिला पूर्ण भाग जातो. तीन भाऊ असोत, चार असोत, सहा, सात, बारा, चौदा, सतरा, वाटणी बिनतक्रार. पण पाच भाऊ असले की कज्जा. तीन उरतात, आणि त्या तिनापायी दिवाणी कोर्टात वीस वर्षं. ३११ हा तेवढा कुटुंबातला हटवादी म्हातारा : मूळ संख्या, कुणालाच भाग देत नाही, पण त्याच्यावाचून कागद पुरा होत नाही.

आणि मग मला ती गोष्ट दिसली. सातानं भाग जातो. बारानंही भाग जातो. सातबारा एकदम घ्या, म्हणजे चौऱ्याऐंशीनं, तरी जातो : ५,२८७ वेळा. मी सकाळी धावत भाऊसाहेबांकडे गेलो. "भाऊसाहेब, गावाच्या आकड्याचा सातबारा निघते!"

त्यांनी चष्मा पुसला. "अन् आठ-अ?"

आठनं भागलं. बाकी चार.

"हे असंच असते जी," ते म्हणाले. "सातबारा भेटते, आठ-अ साठी अडते. आमच्या हापिसातही हेच होतं."

भाऊसाहेबांना मी आणखी एक गंमत सांगितली. या संख्येचे तिच्याहून लहान असे जे ४७ भाजक, त्या सगळ्यांची बेरीज केली तर ती येते ८,१३,८७६. मूळ मालमत्ता ४,४४,१०८ आणि वाटेकऱ्यांच्या मागण्या आठ लाखांवर! गणितात अशा संख्येला विपुल म्हणतात. भाऊसाहेब म्हणाले, आम्ही याला वारसांची फेरफार नोंद म्हणत होतो. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड म्हणायचे ते या विपुलतेला असेल. कुऱ्हाड उरली आहे, मालमत्तेत तिचीही वाटणी झाली.

गुरुजींची गोष्ट वेगळी. आमच्या आळीतल्या मंदिरात पूजा सांगणारे गुरुजी आहेत. त्यांनी आकड्याचे पहिले तीन अंक बोटानं झाकले. "हे बघा. एकशे आठ! जपमाळेचे मणी. गावाच्या अंतात एकशे आठ आलेत, अजून काय पायजे तुमाले?" तिथंच दर्शनाला आलेला एक पोट्टा म्हणाला, "अँब्युलन्सचा नंबर हाय तो, गुरुजी." गुरुजींनी दोघांचं मूळ एकच असल्यासारखं हसून घेतलं. आता १०८ ची बेरीज ९, नवानं भाग जातो, हर्षद. झाकलेल्या ४४४ ची बेरीज १२, बारानं भाग जातो, ३७ वेळा, तेही हर्षद. म्हणजे सून हर्षद, सासू हर्षद, आणि दोघी एका घरात राहूनही घर हर्षद. असं गणितातच होतं.

गुरुजींनी मग विचारलं, "हे गाव स्वयंभू आहे का?" त्यांचा अर्थ वेगळा होता, पण कापरेकरांनी यावरही संख्या करून ठेवल्या आहेत. कोणताही आकडा घ्या, त्यात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवा आकडा होतो. तो जुना याचा बाप. ज्या आकड्याला असा बापच सापडत नाही तो स्वयंभू. २० तसा आहे, ३१ तसा आहे. परदेशात यांना कोलंबियन संख्या म्हणतात, आणि दुसरं नाव देवळाली संख्या. कोलंबियाच्या पंक्तीला देवळाली बसवणं हे एका शाळामास्तराच्या वहीला जमलं. आमच्या आकड्याचा बाप मात्र सापडला. ४४४०८४, अंकांची बेरीज २४, दोन्ही मिळून ४४४१०८. तेल्हारा स्वयंभू नाही. गुरुजी खट्टू झाले. म्हणाले, "आपल्याकडे वारीचा मारुती आहे, चालेल."

या कापरेकर मास्तरांबद्दल मला थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण टपरीवर त्यांचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं आणि टपरीवाल्यांना मी दोष देत नाही. मास्तरांचे वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा भारी नाद. घरात आकडेमोड होती ती ग्रहांची. मुलानं ग्रह टाकून दिले आणि आकडे ठेवून घेतले. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. दिवसा पोरांना शिकवायचं, उरलेल्या वेळात वहीत संख्या खेळवायच्या, पदरच्या पैशानं पुस्तिका छापायच्या, पदरच्या पैशानं परिषदांना जायचं. डोंबिवली स्टेशनावर काही सुचलं तर त्या संख्यांचं नाव डेमलो. आमच्या गावाला स्टेशनच नाही, नाहीतर आज जगात तेल्हारा संख्या असत्या. नाही म्हणायला अकोट-खंडवा लाइनीवर धुळघाटात जुन्या रेल्वेनं चढ काढण्यासाठी रुळांचा चाराचा आकडा काढला होता. पण मास्तर त्या गाडीत बसले नसावेत.

इथल्या थोर गणितज्ञांना हा प्रकार पोरखेळ वाटायचा. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला कळलं. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे, निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली. अमेरिकेत छापून आल्यावर आपल्या गल्लीत माणूस मोठा होतो, हा नियम तपासायला कुठलीही बेरीज लागत नाही. १९८६ साली ते गेले. २०२५ च्या १ जानेवारीला मोबाइलवर सगळ्यांना एक निरोप फिरून फिरून आला : ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५! या असल्या आकड्यांना कापरेकर संख्या म्हणतात. निरोपात नाव नव्हतं. खाली फक्त 'पुढे पाठवा, भाग्य उजळेल' होतं.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे ६१७४. ते वजनकाट्यावरच्या माणसाला ताबडतोब समजतं, कारण ते भरलेल्या गाडीतून रिकामी वजा करणं आहे. चार अंकी आकडा घ्या. त्याचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, ती भरलेली गाडी. लहानाकडून मोठ्याकडे मांडा, ती रिकामी. वजाबाकी करा. आलेल्या आकड्याचं पुन्हा तेच. फार तर सात खेपांत ६१७४ येतो आणि मग कितीही तोला, ६१७४ च. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत मास्तरांनी हे सांगितलं. त्याची बेरीज १८, अठरानं भाग जातो, म्हणजे तोही हर्षद. रामानुजनचा प्रसिद्ध १७२९ देखील हर्षद : बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१. थोर माणसांचे आकडेही एकमेकांची ओळख ठेवतात.

मी हे प्रयोग टपरीसमोर उभ्या मोटारसायकलींवर केले. एमएच-३० च्या पुढं चार अंक असतातच. एका गाडीवर ४१४१ असं काही वळवून लिहिलं होतं की 'दादा' वाचावं. ४४११ वजा ११४४, ३२६७. मग ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सहाव्या खेपेला ६१७४. शेजारी ८०५५ उभी होती, इंग्रजीत 'बॉस'. ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. तेही सहाच खेपा. दादा असो की बॉस, सहा वजाबाक्यांत दोघं एकाच जागी. आणि ज्यांनी आरटीओत जास्तीचे पैसे मोजून ९९९९ किंवा ७७७७ घेतला त्यांचं काय होतं? भरलेली ९९९९, रिकामी ९९९९. पहिल्याच खेपेला शून्य. गाडीमालकाला हे सांगायला मी गेलो नाही. तो अंगानं विपुल होता.

मग साहजिकच गावाच्या आकड्याची गाडी काट्यावर चढवली. ८४४४१० वजा ०१४४४८, आले ८२९९६२. पुन्हा, ७७१७२३. पुन्हा, ६५३५४४. मग ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४, ८५१७४२. मी वाट पाहतोय, आता मुक्काम येईल. सहा अंकी आकड्यांनाही असे मुक्काम आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४. तिथं पोचलं की गाडी थांबते. आमची थांबेना. ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, आणि पुढं पुन्हा ८५१७४२! सात आकड्यांचं रिंगण. त्यात एकदा शिरलं की सुटका नाही. सात टेबलं, प्रत्येक टेबलावर पुढच्या टेबलाचं नाव, आणि सातवं टेबल सांगतं की पहिल्याकडून आणा. सातव्याची सुरुवात ४२० नं होते हे मी लिहिणार नव्हतो, पण गणितच असं आहे. एका दाखल्यासाठी मी स्वतः असा फिरलो आहे. तेव्हा मला वाटलं होतं की त्या कार्यालयाचा दोष आहे. पिनकोडाचा होता.

भाऊसाहेबांना हे दाखवलं तेव्हा त्यांनी रिंगणातला एकेक आकडा तर्जनीनं मोजला आणि समाधानानं म्हणाले, "सातच? आमच्या काळी नऊ होते."

मला वाटलं होतं की आता पुढचा आकडा ४४४१०९ घ्यावा, मागचा ४४४१०७ घ्यावा, ओळीनं किती हर्षद मिळतात पाहावं. दोन्ही नापास; आमचं गाव आपल्या गल्लीत एकटंच सुखी आहे. ओळीनं २० हर्षद संख्या येऊ शकतात, एकविसावी कधीच नाही, हे कूपर आणि केनेडी या दोघांनी १९९३ साली सिद्ध केलं. त्यांनी दाखवलेली २० ची रांग जिथं सुरू होते त्या आकड्याला ४,४३६ कोटींहून जास्त अंक आहेत. तो पत्त्यात लिहायचा झाला तर पोस्टमनला पाकिटाऐवजी ट्रक लागेल. सलग वीस दिवस हर्षाचे हवे असतील तर एवढं लांब जावं लागतं.

आणि पिनकोड तरी आला कुठून? तोही एका मराठी माणसानंच दिला. श्रीराम भिकाजी वेलणकर, दळणवळण मंत्रालयातले मोठे अधिकारी आणि संस्कृतातले कवी-नाटककार. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्यांची ही योजना चालू झाली. एकाच नावाची गावं, सतरा लिप्या, सतरा अक्षरं, टपाल वाटणारा बिचारा काय करणार? वेलणकरांनी सगळ्या गावांची नावं बाजूला ठेवून सहा अंकांत देश बांधला. पहिला अंक विभाग, म्हणून महाराष्ट्र-मध्यप्रदेशाला ४. पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, आमचा ४४४, म्हणजे अकोल्याकडचा. शेवटचे तीन त्या पोस्टाचे. वृत्तात अक्षर मोजून बसवायची सवय असलेल्या माणसानं हे केलं यात नवल नाही. सहा अक्षरी चरण, त्यात यतिभंग झाला तर पाकीट भलतीकडे. एक मास्तर, एक कवी. त्यातल्या कुणाच्याही डोक्यात तेल्हारा असायचं कारण नव्हतं, आणि दोघांच्या वह्या आमच्या ओट्यावर येऊन मिळाल्या. परवा ऐकलं की आता पोस्टानं डिजिपिन काढलाय. चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा चिन्हांचा निराळा नंबर, अंकांत अक्षरं मिसळलेली. म्हणजे आमच्या ओट्याचा वेगळा, न्हाणीचा वेगळा. आता त्यातल्या 'के' आणि 'पी' ची बेरीज किती धरायची?

हे सगळं होईपर्यंत चकती आली नव्हती.

बायको पाट्यावर वाटत होती. रोज. सुरुवातीला ती वाटता वाटता बोलायची, मग नुसती वाटायची, आणि वरवंट्याचा आवाज वाढत गेला. साळ्याला फोन केला तर तो म्हणाला, त्याच दिवशी स्पीड पोस्टानं टाकली. माग काढला तर पार्सल अकोल्याला पोचल्याचं दिसत होतं, आणि मग अकोल्यालाच, आणि मग पुन्हा अकोल्यालाच. मी घरात जाहीर केलं की ते रिंगणात सापडलंय, सात टेबलांचा प्रश्न आहे, गणिताला इलाज नाही.

शेवटी एका दुपारी पोस्टमन आला. डबा माझ्या हातात देत त्यानं पत्त्यावर बोट ठेवलं. "काका, हे पाहा. नाव पाहून अकोल्याच्या साहेबानं इकडं पाठवलं, नाही त परत गेलं असतं पुण्याले."

पिनकोड होता ४४४०१८.

मी साळ्याला पाठवलेला निरोप उघडला. त्यातही ४४४०१८. टाइप करता करता बेरीज करत होतो, तेव्हा एक आणि शून्याची जागा चुकली असणार. पहिल्या तीन अंकांनी पार्सल इमानानं अकोल्यापर्यंत आणलं; पुढच्या तिनांना कुणी धनी नव्हता.

चूक कबूल करायच्या आधी मला राहवलं नाही. अंक तेच, त्यामुळे बेरीज तीच, एकवीस. पण भाग? एकवीस गुणिले २१,१४३ म्हणजे ४,४४,००३. बाकी उरली १५. मी कॅलेंडर पाहिलं. पार्सल बरोबर १५ दिवस उशिरा आलं होतं.

"अवं, ऐकते का?" मी स्वयंपाकघरात धावलो. "बाकी पंधरा! अन् दिवसही पंधरा! काय योग आहे!"

तिनं चकती बसवली. भांडं फिरवून पाहिलं, पातं फिरलं. मग वरवंटा धुऊन भिंतीशी उभा केला आणि माझ्याकडे वळली.

"हे पंधरा दिवस पाट्यावर मी एकटीनं वाटलं," ती म्हणाली. "आपण घरात दोघं. पंधराले दोननं भाग देऊन तुमच्या वाट्याचे किती होतात ते सांगा, अन् वरवंटा घ्या."

"दोननं भाग जात नाही," मी म्हणालो. "एक उरते."

"उरलेला बी तुमाले."